अमळनेरच्या माडीवरून एमडी-पीएचडीची मुलाखत: पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी

मुलाखतीचं पहिलं बोलावणं आलं तेव्हा घरात पेढ्यांच्या आधी वाद सुरू झाला. काका म्हणाले, "एमबीबीएस न करता एमडी? हे कॉलेज खरं आहे ना?" आमच्या अमळनेरला एमडी म्हणजे दवाखान्याच्या पाटीवर एमबीबीएसच्या पुढे येणारी अक्षरं. मी मात्र अमेरिकेत साधी विज्ञानाची पदवी घेतलेली, प्रयोगशाळेत दोन वर्षं नोकरी करणारी, आणि दिवाळीला घरी आलेली. त्या चार आठवड्यांत माझ्या तीन मुलाखती माडीवरच्या खोलीतून झाल्या. पहिली बिघडली, दुसरी बरी गेली, तिसरी छान झाली. काय बिघडलं आणि पुढे काय सुधारलं, ते इथे क्रमानं लिहिते.

१. आधी ही भानगड काय आहे ते घरच्यांना समजवा

अमेरिकेतली एमडी ही डॉक्टर होण्याची पहिली पदवी, म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागी. फरक एवढाच की ती बारावीनंतर मिळत नाही, आधी चार वर्षांची पदवी लागते. एमडी-पीएचडी म्हणजे या डॉक्टरकीच्या मधोमध पीएचडी. साधारण दोन वर्षं मेडिकलचा वर्गातला अभ्यास, मग चारेक वर्षं प्रयोगशाळा, मग परत वॉर्डात. सगळं मिळून आठ वर्षं धरून चाला. त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राबून एका शाखेचं प्रशिक्षण, ते वेगळं. हा आकडा आजोबांना सांगितला तर ते बोटं मोजू लागले.

इतकी वर्षं घालवायची तर पैसा कोण देतो? बहुतेक कार्यक्रम फी माफ करतात आणि वर स्टायपेंड देतात. एनआयएच ही तिथली सरकारी संशोधन संस्था १९६४ पासून 'एमएसटीपी' नावाच्या योजनेतून अशा विद्यार्थ्यांना पोसते. पण तो पैसा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतो. आपल्या पासपोर्टवर अर्ज करणाऱ्याला घ्यायचं तर विद्यापीठाला स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागतो, आणि असं करणारी विद्यापीठं थोडी आहेत. त्यामुळे अर्ज भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: परदेशी विद्यार्थी घेता का, आणि घेतला तर पूर्ण खर्च उचलता का? 'एमएसएआर' या यादीत कॉलेजवार माहिती मिळते. तिचे पैसे भरावे लागतात, पण ते वसूल होतात. मी न विचारता चार ठिकाणी अर्जाची फी घालवली.

दुसरा खड्डा असा की बऱ्याच मेडिकल कॉलेजांना अमेरिकेतला किंवा कॅनडातला निदान एक-दोन वर्षांचा अभ्यास लागतो. म्हणजे जळगावला बीएस्सी करून थेट अर्ज करणं जवळपास बंद दारावर थाप मारण्यासारखं आहे. हे आधी कळलेलं बरं. भारतातच एमबीबीएस करून पीएचडीकडे वळणार असाल तर प्रवेशाची पद्धत सगळी वेगळी आहे, पण खालचा तिसरा आणि चौथा मुद्दा तुम्हालाही तितकाच कामाचा.

२. फाइलीत काय काय हवं

मुलाखतीच्या दिवशी हे सगळं छापून हाताशी ठेवा. संगणकावर आहे म्हणून भागत नाही, कारण त्या पडद्यावर तेव्हा समोरचा माणूस असतो.

- ॲमकासवर, म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जसेवेवर, भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत. त्यात तुम्ही टाकलेले जास्तीत जास्त १५ अनुभव असतात, आणि त्यातले ३ 'सर्वांत महत्त्वाचे'. मुलाखतकार नेमका तेराव्या नंबरचा उचलतो.
- तिन्ही निबंध: वैयक्तिक (५,३०० अक्षरं), 'एमडी-पीएचडी का' (३,००० अक्षरं) आणि संशोधनाचा (१०,००० अक्षरं). मर्यादा शब्दांची नसून अक्षरांची आहे, रिकाम्या जागाही मोजल्या जातात.
- त्या कॉलेजाला पाठवलेली दुय्यम अर्जाची, म्हणजे ॲमकासनंतर कॉलेज स्वतः विचारतं त्या प्रश्नांची, उत्तरं. प्रत्येकाची वेगळी असतात, फायली अदलाबदल होऊ देऊ नका.
- मुलाखत घेणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाच्या अलीकडच्या एक-दोन शोधनिबंधांचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं अर्ध्या पानाचं टिपण.
- तुमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा एक आलेख, कागदावर.
- वेळापत्रक, दोन्हीकडच्या घड्याळांनुसार लिहिलेलं. याबद्दल सहाव्या मुद्द्यात.

एमकॅटचे, म्हणजे तिथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचे, मार्क पाठ करून ठेवायची गरज नाही. मुलाखतीला बोलावलं म्हणजे मार्कांचं काम बरंचसं झालं. आपल्याकडे रँक सांगायची फार सवय असते, ती तिथे आवरा.

३. "मंग दोन्ही कसाले?"

सगळ्या मुलाखतीचा गाभा हा एवढाच प्रश्न. तो मला पहिल्यांदा विचारला माझ्या आजीनं, अहिराणीत. "तू तठे काय करस, नीट सांग," म्हणून तिनं बसवलं. मी सांगितलं, रक्ताच्या आजारावर काम करते, पेशी वाढवते, औषध घालून बघते. मग म्हटलं, पुढे डॉक्टरही व्हायचंय आणि संशोधनही करायचंय. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग दोन्ही कसाले?" डॉक्टर झालीस तर लोक बरे होतील, संशोधन केलंस तर औषध निघेल, एक धर की. मला उत्तर देता आलं नाही. मी निबंधात त्यावर ३,००० अक्षरं लिहून बसले होते, तरीही.

या प्रश्नाला बहुतेक जण जे उत्तर देतात ते असं: "मला रुग्णही आवडतात आणि विज्ञानही आवडतं." हे उत्तर नव्हे, ही आवडीनिवडीची यादी झाली. समोरचा लगेच म्हणतो, मग डॉक्टर होऊन संशोधन कर, नुसती एमडीवाली माणसंही संशोधन करतातच. तिथे तुम्ही अडकता.

आमच्याकडच्या मुलांचा आणखी एक ठरलेला सापळा आहे. सातपुड्यातली गरिबी पाहिली, मन हेलावलं, म्हणून डॉक्टर व्हायचं ठरवलं. खरं असेलही. पण जगातल्या प्रत्येक गरीब भागातून आलेला मुलगा हेच सांगतो, आणि त्यात ज्यांची गोष्ट सांगतोय ती माणसं नुसती पार्श्वभूमीला उभी राहतात. मुलाखतकाराला तुम्हाला किती वाईट वाटलं यात रस नसतो. तुम्हाला प्रश्न कोणता पडला, यात असतो.

माझा प्रश्न मला धडगावला सापडला होता, पण तो प्रश्न आहे हे कळायला आजी लागली. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकल सेलचा आजार बऱ्यापैकी आढळतो. आईवडिलांकडून येणारा हा आजार, यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. एका उन्हाळ्यात मी लॅब टेक्निशियन असलेल्या मावसभावाबरोबर तपासणी शिबिराला गेले. तिथे पहिली चाचणी असते सोल्युबिलिटीची. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, काही मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसल्यासारख्या झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. बस, एवढंच. ते एकाच पालकाकडून आलंय की दोघांकडून, म्हणजे मूल नुसतं वाहक आहे की आजारी आहे, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते.

एका बाईच्या दोन मुलांच्या नळ्या गढूळ झाल्या. ती म्हणाली, हा मोठा दर दोन महिन्यांनी दवाखान्यात असतो, हातपाय दुखतात म्हणून रडतो. हा धाकटा दिवसभर नदीवर असतो. नळी तर दोघांची सारखीच झाली, मग असं का? मावसभावानं सांगितलं, पुढची तपासणी झाली की कळेल, धाकटा कदाचित नुसता वाहक असेल. बरोबरच होतं ते. पण मला तेव्हा हेही माहीत होतं की दोघंही आजारी निघाले तरी असा फरक पडू शकतो. बाळाच्या जन्माआधीचं जे हिमोग्लोबिन असतं, ते काहींच्या रक्तात मोठेपणीही जास्त उरतं आणि आजार सौम्य ठेवतं. भारतातल्या सिकल सेलच्या रुग्णांमध्ये ते एकूणच जास्त आढळतं. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं औषध तेच वाढवतं, पण सगळ्यांत सारखं नाही.

थोरल्याला आज औषध कोणतं, किती द्यायचं, कधी थांबवायचं, हे ठरवायला डॉक्टर लागतो. औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही ते का, हे शोधायला प्रयोगशाळा लागते. आणि त्या बाईचा प्रश्न ऐकून तो प्रयोगशाळेपर्यंत नेणारं माणूस दोन्हीकडे बसलेलं लागतं. हे उत्तर मी आजीला आधी अहिराणीत सांगितलं, मग मराठीत, मग इंग्रजीत. शेवटच्या मुलाखतीत ते दीड मिनिटात सांगून झालं.

तुमचा प्रश्न वेगळा असेल, केळीवर फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा असेल किंवा आणखी कशाचा. पद्धत मात्र हीच ठेवा. घरातल्या न शिकलेल्या माणसाला, घरातल्या बोलीत सांगून बघा. जिथे इंग्रजी शब्दाशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, तिथे तुम्हालाच ते कळलेलं नसतं. आणि एक सांभाळा: रुग्णाचं नाव, गावाचा पाडा, फोटो असलं काही मुलाखतीत आणू नका. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं असतं.

४. स्वतःच्या कामाची झाडाझडती

माझी पहिली मुलाखत इथेच गेली. मी पेशींना हायड्रॉक्सियुरिया देऊन किती पेशींमध्ये ते जन्माआधीचं हिमोग्लोबिन वाढतं, हे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे रंग लावलेल्या चमकणाऱ्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजत असे. समोरच्या प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये किती टक्के पेशी चमकत होत्या?" निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे तुलनेचा नमुना, ज्यात पेशी चमकायला नकोत. मला आठवत नव्हतं. मी ठासून म्हटलं, "शून्य." ते हसले. म्हणाले, "शून्य तर माझ्याकडे कधीच येत नाही." पुढची वीस मिनिटं मी जे बोलले ते त्यांनी ऐकलं, लिहून काहीच घेतलं नाही.

आपण वायवाला घडलेली माणसं. एक्स्टर्नल समोर बसला की काहीतरी बोलत राहायचं, गप्प बसलं तर मार्क गेले, हे अंगात मुरलेलं असतं. इथे उलट आहे. "आत्ता आकडा आठवत नाही, पण तो आम्ही असा ठरवला होता आणि त्याच्या वरचं तेवढंच धरलं," हे पूर्ण गुणांचं उत्तर. त्यांना पाठांतर तपासायचं नसतं. चुकीच्या वेळी खरं बोलता का, हे बघायचं असतं, कारण पुढची चार वर्षं तुमचे आकडे कोणी दुसरं तपासणार नसतं.

त्या वाक्यातला 'आम्ही' मात्र काढा. मराठीत "आम्ही केलं" म्हणणं ही नम्रता. तिथे त्याचा अर्थ "मी केलं नाही" असा लागतो. सरावाच्या वेळी मैत्रिणीला बसवलं होतं, दर 'आम्ही'ला ती टेबलावर चमचा वाजवायची. पहिल्या दिवशी नुसता घंटानाद झाला. कल्पना कोणाची, पेशी कोणी वाढवल्या, यंत्र कोणी चालवलं, आलेख कोणी काढला, हे वेगवेगळं सांगा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला, स्वतःचं स्वतःला.

या प्रश्नांची तयारी लिहून करा: प्रयोग फसला कधी आणि कशामुळे, उलटा निकाल आला असता तर काय मानलं असतं, अजून एक वर्ष मिळालं तर पुढचा प्रयोग कोणता, तुमच्या निष्कर्षावर सगळ्यात मोठा आक्षेप कोणता. शेवटचा आक्षेप स्वतःच घेऊन ठेवला की समोरच्याच्या हातात फार काही उरत नाही.

५. मुलाखतींचे प्रकार

लांबवायचं कारण नाही. 'ओपन फाइल' म्हणजे समोरच्यानं तुमचा अर्ज वाचलाय. 'क्लोज्ड फाइल' म्हणजे वाचलेला नाही, पहिल्यापासून सांगा. एका दिवसात किंवा दोन दिवसांत मिळून चार-सहा जण भेटतात: मेडिकल कॉलेजचे, संशोधनवाले, कार्यक्रमाचे संचालक. बरेच ठिकाणी तुम्हाला कोणत्या प्राध्यापकांना भेटायचंय त्यांची नावं आधी मागतात. तिथे मोठं नाव बघून लिहू नका, ज्यांच्या कामावर दहा मिनिटं बोलता येईल त्यांना निवडा.

काही कॉलेजं 'एमएमआय' घेतात. छोट्या छोट्या खोल्या, दारावर प्रसंग लिहिलेला, वाचायला दोनेक मिनिटं, बोलायला सहा-आठ. सहकाऱ्यानं आकडे बदललेत, काय कराल? असले प्रसंग. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा दुसऱ्या बाजूचा विचार केला का, हे बघतात. खान्देशी माणूस तोंडावर बोलतो, फटकन निकाल देतो. इथे निकालाआधी दोन वाक्यं थांबा.

विद्यार्थ्यांबरोबर गप्पांचा तास असतो, त्याला 'अनौपचारिक' म्हणतात. तरी तिथे काय बोललात ते वर जातंच.

सर-मॅडम नको. 'डॉक्टर' आणि आडनाव. लग्नाचं ते विचारणार नाहीत, तिथे तसं विचारणं गैर मानतात. ते काम आपले नातेवाईक करतातच.

६. घड्याळ, वीज आणि पिठाची गिरणी

कोविडपासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होतात, म्हणून घरून देता येतात. पण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि आपलं जात नाही. न्यूयॉर्क-बोस्टनकडचे सकाळचे ९ म्हणजे त्या रविवारपर्यंत आपले संध्याकाळचे साडेसहा, नंतर साडेसात. शिकागोकडचे ९ म्हणजे साडेसात, नंतर साडेआठ. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे रात्रीचे साडेनऊ, नंतर साडेदहा. माझी एक मुलाखत रविवारच्या आधी होती, दोन नंतर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी ते लाल पेनानं लिहिलं होतं. दिवसभराचं वेळापत्रक असेल तर शेवटचा माणूस पहाटे दोन-अडीचला भेटतो. दुपारी झोपा, आणि घरच्यांना सांगा की उठवू नका, चहालासुद्धा.

साडेसहाची वेळ आमच्या गल्लीत सगळ्यात वाईट. खालच्या गिरणीत तेव्हा दळणाची गर्दी. पट्टा सुरू झाला की माडीवरचा दिवा मंद होतो, पंखा सुस्तावतो आणि राउटर आपोआप बंद-चालू होतो. पहिल्या मुलाखतीत मी ते "शून्य" म्हणण्याच्या आधीच दोन वेळा माझा चेहरा पडद्यावर गोठला होता. दुसऱ्या दिवशी वडील गिरणीवाल्या अण्णांकडे गेले. अण्णा म्हणाले, पोरीची परीक्षा आहे तर ज्वारी-बाजरी आठनंतर दळतो. दळणवाल्या बायकांना त्यांनीच परत पाठवलं. तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणं हा तयारीचाच भाग समजा.

बाकी हे करा:

- इन्व्हर्टर असतो, पण राउटर त्याच्या लाइनवर असतोच असं नाही. मेन स्विच पाडून एकदा तपासा.
- दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला मोबाइल हॉटस्पॉट लावून तयार ठेवा.
- उजेड समोरून हवा. मागे खिडकी नको.
- कुकर आधी लावून घ्या.
- कॉलेजच्या समन्वयकाचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. लाइट गेली तर दोन मिनिटांत कळवा. वीज गेल्याबद्दल कोणी कमी लेखत नाही, न कळवता गायब झालात तर लेखतात.

दिवाळीनंतर शेतांवर भरीत पार्ट्या सुरू होतात. आमच्या शेजारच्या मळ्यात काट्या पेटवून वांगी भाजत होते आणि स्पीकर लावला होता, तेव्हा माझी तिसरी मुलाखत चालू होती. आवाज आत येत होता. मी लपवलं नाही, काय चाललंय ते एका वाक्यात सांगितलं. प्राध्यापक बाईंनी भरीत कसं करतात ते विचारलं. शेपू घालता का, पातीचा कांदा घालता का, तीन मिनिटं गेली. पण नंतर बोलणं सैल झालं.

७. तुम्ही काय विचारायचं

शेवटी "काही प्रश्न?" म्हणतात. "नाही सर, सगळं कळलं" हे सगळ्यात वाईट उत्तर. पदवीला सरासरी किती वर्षं लागतात, पीएचडीतून वॉर्डात परत जाताना विसरलेलं कसं भरून काढतात, मार्गदर्शक बदलायची वेळ आली तर काय होतं, परदेशी विद्यार्थ्याचा पैसा पूर्ण आठ वर्षांसाठी पक्का आहे की दरवर्षी ठरतो? हा शेवटचा प्रश्न प्राध्यापकाला नको, कार्यालयाला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

८. नंतर

एक-दोन दिवसांत प्रत्येकाला चार ओळींचा आभाराचा ईमेल, त्यात बोलण्यातली एखादी नेमकी गोष्ट. सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका, ते एकमेकांना दाखवतात. काही कॉलेजं ईमेल पाठवू नका असं सांगतात, तिथे पाठवू नका. दरम्यान नवा शोधनिबंध आला किंवा काम पुढे सरकलं तर कळवा.

मग वाट बघायची. एकापेक्षा जास्त जागा मिळाल्या तर ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवायची असते, बाकीच्या त्याआधी सोडा, कोणीतरी त्या जागेची वाट बघत असतं.

होकार बहुतेकदा ईमेलवर येतो, पण काही संचालक आधी फोन करतात. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. अर्जात पर्यायी नंबर म्हणून मी वडिलांचा दिला होता आणि त्यांना सांगायचं विसरले. त्यांनी तो फोन लोनवाल्याचा समजून दोनदा कापला. तिसऱ्या वेळी आजीनं उचलला.